पत्रिकेच्या पाठीवरचा घागरा

मार्कर हातात आल्या आल्या मी तो खडूसारखा दाबून धरला. रंग कागदातून आरपार गेला आणि खाली टेबलावर पसरलेल्या अस्तरावर उतरला. अस्तर गिऱ्हाइकाचं होतं, पांढरंशुभ्र, आणि त्याच्या मधोमध आता एक गुलाबी डाग होता. मी धाकटीकडे बघितलं. ती तोंडावर हात ठेवून हसत होती.

"हसतेस काय? हे अस्तर कोण भरून देणार, तुझा सासरा?"

"मावशी, मी म्हटलं होतं खाली पुठ्ठा ठेव. माझं वाक्य संपायच्या आधीच तू सुरू झालीस."

ते खरं होतं, पण खरं बोललेलं मला लगेच चालत नाही. मी अस्तराचा तो भाग कापून बाजूला काढला, उरलेल्यातून बाह्या कशा बसवायच्या याचा हिशेब मनात केला आणि मगच पुठ्ठा शोधायला उठले.

धाकटी माझी मुलगी नाही. माझ्या शिवणाच्या दुकानासमोरच्या इमारतीत भाभी राहते, तिची ही दुसरी मुलगी. भाभी गुजराती जैन. मी तिला भाभी म्हणते, ती मला ताई म्हणते; वयाने मोठी कोण, हे दोघींनीही कधी विचारलेलं नाही. लग्न करून मी रत्नागिरीकडून भाईंदरला आले तेव्हा आमची खोली एवढीशी होती, की शिलाई मशीन आत आलं आणि जेवायला कोणातरी एकाला दारात बसावं लागायला लागलं. त्या मशीनवर शिवलेलं पहिलं परक्याचं ब्लाउज भाभीचं. शिलाईवरून तिने माझ्याशी इतकी घासाघीस केली, की तिच्या गॅसवरचं दूध उतू गेलं. मी एक रुपया सोडला नाही. तिने दूध पुसलं आणि म्हणाली, "ताई, तू आगे जाएगी." तेव्हापासून ती माझी आहे.

आज माझं स्वतःचं दुकान आहे, मशीनं आहेत, हाताखाली बायका आहेत. कोणी दिलेलं नाही. भाभीच्या दोन्ही मुली या दुकानात वाढल्या. मोठी आरशासमोर ओढण्या घेऊन उभी राहायची आणि धाकटी कापायच्या टेबलाखाली बसून खाकी कागदाच्या तुकड्यांवर चित्रं काढायची. पुढे तिने चित्रकलाच शिकून घेतली. आता घरी बसून लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. टेबलाखाली तिची फुकट शाळा झाली, असं मी तिला ऐकवते. ती म्हणते, फी म्हणून बटणं वेचायला लावत होतीस ते विसरलीस का.

आता हे मार्करचं प्रकरण कुठून आलं, ते सांगायचं तर मोठीच्या लग्नापासून सांगायला हवं. ती गोष्ट मी विसरलेले नाही. विसरण्याचा माझा विचारही नाही.

मोठीला घागरा हवा होता कांद्याच्या रंगाचा. तिने फोनवर फोटो दाखवला आणि म्हणाली, "मावशी, ओनियन पिंक." मी म्हटलं, कळलं. कांदा मला कोण शिकवणार? घरी गेले, टोपलीतल्या कांद्याची वरची सुकी साल काढली, रुमालात बांधली आणि दुसऱ्या दिवशी काशीमीऱ्याला रंगारी चाचांना नेऊन दिली. आमच्या धंद्यात कापड पांढरं घ्यायचं आणि हव्या त्या शेडमध्ये रंगवून आणायचं, ही रीतच आहे. चाचांनी साल समोर ठेवून तंतोतंत तोच रंग काढला. मी आजही पैजेवर सांगते, तो घागरा कोणाही मराठी बाईला दाखवा, ती म्हणेल, कांदा.

पण भाभीच्या घरात कांदा येत नाही. तिने कधी कांदा सोललेला नाही. तिच्या डोळ्यासमोर होता तो फोनमधला गुलाबी, म्हणजे सालीच्या आतला ओला पापुद्रा. नवरात्रीच्या तोंडावर, दुकान चणियाचोळीवाल्या बायकांनी गच्च भरलेलं असताना, तिने घागरा उलगडला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "ताई, ये क्या है? ये तो बोरी जैसा दिखता है."

बोरी. गोणपाट. मला, जिने तिच्या घरातलं एकूण एक ब्लाउज शिवलं, तिला. बायका वळून बघायला लागल्या. एकीने आपलं कापड हळूच उचलून पिशवीत घातलं, तेही मी बघितलं.

भाभीने मग तयार घागरा कुठूनतरी आणला. माझा घागरा मी भाड्याने कपडे देणाऱ्या एका दुकानदाराला चढ्या भावात विकला, त्यामुळे नुकसान असं काही झालं नाही. लग्नाला मी गेले, नटून गेले, जेवले, आहेर दिला. पण त्या एका शब्दाची भरपाई मला कोणी केली नाही. नंतरही चहा होत राहिला, पापड येत-जात राहिले, माझ्या गुडघ्यासाठी भाभी स्वतः तेल उकळून आणायची. फक्त त्या घागऱ्याचं नाव निघालं नाही. आणि त्यानंतर तिच्या घरातलं एकही लग्नकार्याचं कापड माझ्याकडे आलं नाही. रोजचे ड्रेस यायचे. जरीचं काही नाही.

मग धाकटीचं लग्न ठरलं. तिने आईला सांगून टाकलं, घागरा मावशीच शिवणार, नाहीतर मी जीन्स घालून उभी राहते. भाभी तिला घेऊन दुकानात आली आणि माझ्या तोंडावर म्हणाली, "देख ताई, मेरे को फिर से बोरी नहीं चाहिए."

मी हातातली टेप टेबलावर आपटली. "मग घाल तिला रेडीमेड! माझ्या दारात कशाला आलीस?"

"मैं नहीं आई, ये लेके आई."

"मग घेऊन जा हिला!"

आमच्या भांडणाला धाकटी लहानपणापासून सरावलेली आहे. आम्ही दोघी श्वास घ्यायला थांबलो तशी ती मध्ये म्हणाली, "मावशी आधी कागदावर काढेल. वरपासून खालपर्यंत, रंगासकट. मम्मी हो म्हणाली तरच कापड रंगवायचं. नाही म्हणाली तर रेडीमेड आणू. चालेल?"

"तूच काढ ना," मी म्हटलं. "चित्रकार तू आहेस."

"मी काढलं तर माझ्या डोक्यातली शेड दिसेल. रंगवून तू घेणार आहेस. तुझ्या डोळ्यात कुठली शेड आहे, ते आम्हाला बघायचंय."

ते मला पटलं. भाभीही बरं म्हणाली, पण ती ज्या पद्धतीने दुकानाचा ओटा उतरली त्यावरून मला कळलं, की या वेळी रेडीमेड आलं तर तो शेवट. वरवरचा चहा होईल. पण धाकटी, माझ्या टेबलाखाली वाढलेली पोर, दुसऱ्या कोणाच्या हातचा घागरा घालून बोहल्यावर चढली, तर मी त्या घराच्या पायऱ्या परत चढणार नव्हते. मी मला ओळखते.

त्यातून धाकटीला हवा होता शेडिंगचा घागरा. खाली घेराला गडद, वाइनचा रंग, आणि वर कमरेकडे जाता जाता हलका होत तोच कांद्याचा गुलाबी. कुठेही रेघ दिसता कामा नये. गडद कुठे संपला आणि हलका कुठे सुरू झाला, हे कोणाला सांगता येऊ नये.

मार्कर घ्यायला मी एकटीच गेले, कारण धाकटीला भाव करता येत नाही. स्टेशनजवळच्या होलसेल स्टेशनरीवाल्याला मी असा पिळला, की मोठा डबा त्याने मला छोट्या डब्याच्या भावात दिला. दुकानात परत आले तेव्हा मी जिंकून आल्यासारखी चालत होते. धाकटीने डबा उघडला, पेनांची टोपणं बघत गेली आणि शेवटी म्हणाली, "मावशी, यात पोपटी पाच आहेत."

"मग? पाच पोपटी कुठे वाईट?"

"आपल्याला गुलाबी हवेत. तेही एका घराण्यातले. एक फिका, एक मधला, एक गडद. याच्यात एक फिका आहे आणि एकदम हा गडद. यांच्यामध्ये कोणीच नाही. हे दोघं एकमेकांत मिसळणार कसे? ओळखच नाही त्यांची."

मी डबा परत घेऊन गेले. दुकानदार म्हणाला, उघडलेला डबा घेत नाही. त्या दुकानात मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. शेवटी त्याच्याकडूनच सुटे पेन घेतले, त्याने सांगितलेल्या भावात, आणि तो दिवसभर मी कोणाशी नीट बोलले नाही. पोपटी पेन अजून आहेत. हवे असतील त्याने न्यावेत.

दुपारी गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा आमचा वर्ग भरायचा. धाकटीने पद्धत सांगितली. आधी फिका रंग सगळीकडे द्यायचा. तो ओला असतानाच खालून गडद आणायचा. मग जिथे दोघं भेटतात तिथे पुन्हा फिक्याने गोल गोल हात फिरवायचा, म्हणजे जोड विरघळतो. वाळू दिलंस तर रेघ पडते. घाई केलीस तर चिखल होतो. पेनला दोन टोकं असतात, एक छिन्नीसारखं चपटं आणि एक ब्रशासारखं मऊ. मऊ टोकाने फक्त हलकं झटकायचं, केस उडवल्यासारखं.

मला झटकणं येत नाही. मी आयुष्यभर कात्री चालवली आहे, मी दाबते. पहिल्याच आठवड्यात एका पेनाचं मऊ टोक जुन्या टूथब्रशासारखं फिस्कारलं. कागद घासून घासून त्याच्या वळ्या निघायला लागल्या. आमच्याकडे तारोडीहून हातशिलाई करायला एक बाई येते, ती काज करता करता हे सगळं बघत असायची. एकदा न राहवून म्हणाली, "ताई, कागूद हाय तो. काय चादर धुताव काय?"

धाकटी इतकी हसली की तिचा श्वास अडकला. मी पेन फेकला. मग उठून उचलून आणला, कारण विकत घेतलेला होता.

कागदांचं मात्र मला लवकर कळायला लागलं, कारण कागद म्हणजे शेवटी कापडच. बिलं छापतो तो साधा कागद कोऱ्या पातळ मलमलीसारखा. रंग थांबतच नाही, कडेने केस फुटतात आणि पाठीमागे सगळा उतरतो. शाळेच्या ड्रॉइंग वहीचा जाड कागद म्हणजे मांजरपाट. पितो. कितीही द्या, पितो, आणि गडद होऊन मख्ख बसतो. फिका पेन वरून फिरवला तरी त्याला काही फरक पडत नाही. बटर पेपरवर रंग वरच्या वर तरंगतो, बोट लागलं की पुसतो. तो मला नायलॉनसारखा वाटला. कटिंगच्या खाकी कागदावर तर गुलाबी रंग गूळ होऊन गेला. हे मी धाकटीला सांगायला लागले तेव्हा ती हसायची थांबली आणि म्हणाली, "मावशी, हे मला कॉलेजमध्ये कोणी असं सांगितलं असतं तर बरं झालं असतं." मी तिला चहा मागवला. बिस्किटंही मागवली.

मार्करसाठी म्हणून खास कागद मिळतो, पण त्याच्या पॅडची किंमत ऐकून मी कानावर हात ठेवले. सरावाला इतका महाग कागद? आमच्या गल्लीच्या टोकाला लग्नपत्रिका छापणारा प्रेस आहे. तिथे छपाईत चुकलेल्या पत्रिकांचा गठ्ठा रद्दीत पडलेला असतो. मी तो किलोवर उचलला. पुढची बाजू चकचकीत, तिच्यावर रंग बसेना. पण पाठ कोरी, गुळगुळीत, सायीच्या रंगाची. मी मऊ टोक टेकवलं, आणि रंग पसरलाही नाही आणि बुडालाही नाही. तिथेच ओला राहून मी काय करते याची वाट बघत राहिला. मी खालून गडद आणला, मधला आणला, फिक्याने गोल फिरवला. जोड दिसेना.

मी तो कागद हातात धरून दाराशी उजेडात गेले. मग परत आले. मग परत गेले.

"मावशी," धाकटी हळूच म्हणाली, "हे झालं."

पुढचे काही दिवस मी त्या पत्रिकांच्या पाठीवर घागरे काढत सुटले. घडीच्या आत सावली, घडीच्या माथ्यावर उजेड. गडद पेनाने आत एक बारीक रेघ आणि ती ओली असतानाच बाहेर ओढायची, की कापड खरंच वळल्यासारखं दिसायचं. रात्री जेवताना नवऱ्याच्या लेंग्याच्या चुण्या बघून मी म्हटलं, इथे मधला लागेल. तो ताट घेऊन दुसरीकडे बसला.

जमलेला घागरा घेऊन आम्ही भाभीला बोलावलं. ती चष्मा लावून खुर्चीवर बसली. कागद जवळ धरला, लांब धरला. मी मुद्दाम मशीनवर बसून दुसऱ्याच कुठल्यातरी कापडाला टाके घालत होते, दोरा न ओवता.

"हा," ती म्हणाली. "ये. येच. ऊपर वाला गुलाबी, येच मेरे को बड़ी के लिए चाहिए था."

मी मशीन चालूच ठेवलं. मला वाटलं, बोलले तर भांडण होईल किंवा रडू येईल, आणि दोन्ही मला नको होतं.

मग तिने कागद उलटला. मागे गणपती, खाली दोन अनोळखी नावं, एका हॉलचा पत्ता. "ये किसकी शादी है?"

"कोणाची नाही. चुकलेली पत्रिका आहे. रद्दी."

"चुकलेली?" भाभीने कागद असा खाली ठेवला, जणू त्याला ताप आहे. "ताई, मेरी बेटी का घागरा तू दूसरे की बिगड़ी हुई पत्रिका पे निकालती है? अपशकुन नहीं होता? नये कागज पे निकाल. कोरा. सफेद. ऊपर कंकू लगा के."

धाकटी म्हणाली, मम्मी, रंग बघ, कागद काय बघतेस. पण लग्नाच्या घरात शकुनापुढे कोणाचं चालत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही मनात कुठेतरी टोचलं होतं. मी स्वतः जाऊन त्या महाग पॅडमधला कोरा पांढरा कागद आणला, भाव न करता. शकुनाच्या वस्तूचा भाव करत नाहीत. वर कुंकवाचं बोट लावलं. त्याच पेनांनी, त्याच हातांनी तोच घागरा पुन्हा काढला. आता हात बसला होता, त्यामुळे जोड आधीपेक्षाही मऊ आले. भाभीने तो कागद देवापाशी ठेवून आणला आणि आम्ही तो चाचांना पोचवला. घागऱ्याच्या एका कळीचा, म्हणजे एका लांब पट्टीचा, नमुना रंगवून पाठवा असं सांगितलं.

नमुना आला, बरोबर कागदही परत आला. भाभीने नमुना उलगडला आणि चष्मा काढून, पुसून पुन्हा लावला.

"ताई. ये वो नहीं है."

"काय नाही? कागद आण! कागदाशी लाव! हाच आहे!"

"ये ठंडा है. वो गरम था. ये दवाई जैसा गुलाबी है."

आणि मग माझा तोल गेला. मी म्हटलं, तुला माझ्या हातचं काहीच आवडणार नाही, तू ठरवूनच आली आहेस. एकदा बोरी, एकदा दवाई. नवा कागद तूच मागितलास, कुंकू तूच लावायला लावलंस, आणि आता तोंड वाकडं करायलाही तूच! ती म्हणाली, मैं अंधी हूँ क्या? मी म्हटलं, हो, आहेस! तारोडीची बाई सुई तोंडात धरून तशीच बसून राहिली. भाभी उठली आणि दाराकडे गेली. सुरतेच्या रेडीमेडवाल्याला फोन करते, म्हणाली.

धाकटी मघाच ओट्यावर उन्हात जाऊन बसली होती. तिने तिथून हाक मारली, "दोघी इकडे या."

आमच्यातली कोणीच हलली नाही.

"या म्हणते ना!" ती ओरडली. ती कधी ओरडत नाही. आम्ही गेलो.

तिने दोन कागद शेजारी शेजारी ठेवले होते. कुंकू लावलेला पांढरा, आणि ती चुकलेली पत्रिका. तिने ती फेकलेली नव्हती, तिच्या पिशवीत होती. उन्हात दोन्ही घागरे पडले होते आणि एकमेकांचे सख्खे भाऊही वाटत नव्हते. पत्रिकेवरचा गुलाबी उबदार, जरा पिकलेला. पांढऱ्यावरचा निळसर, दवाखान्यासारखा.

"तेच पेन," धाकटी म्हणाली. "हे रंग पारदर्शक असतात, खालचा कागद आतून दिसतो. पत्रिका सायीची होती, म्हणून तो रंग साय घालून आला. हा कागद पांढराफटक आहे. मम्मी बरोबर बघतेय, आणि मावशी, तुझा हातही बरोबर होता. चूक माझी. हे मला दिसायला हवं होतं."

"तुझी कशी चूक?" भाभी आणि मी एकदमच म्हणालो.

मी वाकून दोन्ही कागद पुन्हा बघितले. कापडात जन्म गेला. पिवळसर टसर आणि पांढरं रेशीम रंगाच्या एकाच डेगीत बुडवलं तर दोन रंगांचं निघतं, हे मी झोपेतही सांगेन. कागदाला मी सगळीकडे कापड समजले, आणि नेमकं इथेच नाही.

भाभीने पत्रिका उचलली. गणपतीची बाजू तिने पदराच्या टोकाने पुसली, न दिसणारी धूळ झटकावी तशी. "गणपती तो इसपे भी है," ती स्वतःशीच म्हणाल्यासारखी म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "रिक्शा बुला."

काशीमीऱ्याला गॅरेजांच्या मागे चाचांचं आवार आहे. भाभी तिथे पहिल्यांदाच आली होती. ट्रकांचा आवाज, डेगीतून निघणारी वाफ, हातभर रंगलेले कारागीर. ती नाकाला पदर लावून उभी राहिली, पण हटली नाही. मी चाचांना पत्रिकेची पाठ दाखवली. ते म्हणाले, "ये तो दूसरा रंग है." भाभी म्हणाली, "वही तो मैं बोल रही हूँ," आणि माझ्याकडे असं बघितलं की मी दुसरीकडे बघितलं.

चाचांनी नवी कळी काठीला बांधून बुडवली आणि हळूहळू वर घेत गेले. खालचा भाग जास्त वेळ आत, वरचा जरासा. काढली तेव्हा ती ओली कळी बघून भाभी किंचाळलीच. "काला हो गया!"

"वाळू दे," मी म्हटलं. "ओलं असताना सगळंच गडद दिसतं."

"पक्का?"

"बैठ चुपचाप."

कळी दोरीवर टाकली. आम्ही प्लास्टिकच्या स्टुलांवर बसलो. भाभीने पर्समधून खाकरा काढला, मोडला, मोठा तुकडा मला दिला. बराच वेळ आम्ही नुसत्या कापडाकडे बघत खात होतो.

मग ती म्हणाली, "ताई, वो बड़ी के टाइम..." आणि थांबली. "मैंने सबके सामने बोला. अंदर ले जाके बोलना चाहिए था."

इतकी वर्षं मी हे वाक्य ऐकायची वाट बघितली. अंघोळ करताना, बटणं लावताना, मी त्याला देण्याची उत्तरं घोळवली. आता ते खाकऱ्याबरोबर असं हातावर आलं, आणि मला दिसलं की ती हे मनापासून बोलते आहे. पण मी बाजारात उभी राहून मोठी झालेली बाई आहे. पहिल्या भावाला हो म्हणणं मला जमत नाही.

"सबके सामने बोला था," मी म्हटलं, "तो सॉरी भी सबके सामने."

तिने माझ्याकडे वळून बघितलं. तिच्या डोळ्यात ती जुनी चमक आली, दूध उतू जाऊ देणारी. "शादी में?"

"संगीत में. माइक पे."

"पागल है क्या? माइक पे नहीं. दुकान में बोलूँगी."

"दुकान भरी हो तब. नवरात्री के पहले."

"नवरात्री के बाद."

"बाद में कौन आता है? पहले."

"उतनी भीड़ में मेरे को शरम आएगी."

"मेरे को आई थी ना?"

त्यावर ती खाकऱ्याचा चुरा साडीवरून झटकत राहिली. तेवढ्यात चाचांनी हाक मारली. कळी वाळली होती.

भाभी उठून दोरीपाशी गेली. पत्रिका कापडाला लावली, वर कमरेपाशी, मग मध्ये, मग खाली घेराशी. कापड उजेडात फिरवलं. बोटाने वरून खालपर्यंत आली, जोड कुठे लागतो का ते शोधत, आणि तिचं बोट कुठेही अडलं नाही. मी स्टुलावरून उठले नाही.

"चाचा," ती म्हणाली, "बाकी सब ऐसा ही." आणि मग मराठीत, माझ्यासाठी, "हेच पायजे होतं."

तिने लगेच धाकटीला फोन लावला आणि आम्ही दोघी एकदम बोलायला लागलो, त्यामुळे पोरीला काही कळलं नाही. ती नुसती पलीकडून विचारत होती, हो की नाही, हो की नाही ते सांगा. रिक्षात बसताना भाभीने माझा हात धरला, गुडघ्यासाठी. मी चढले की सोडेल असं वाटलं, पण तिने धरूनच ठेवला. हायवेच्या वळणावर ती म्हणाली, "नवरात्री के पहले, ठीक है. शनिवार को आऊँगी. दोपहर को."

दुपारी दुकान रिकामं असतं, हे तिला चांगलं माहीत आहे.